मदत हवी आहे: निरीक्षणाच्या तासाला कोणतं चित्र दाखवू?

फळापुसणी
गुरुवारी तास आहे, म्हणून घाईत लिहिते. चित्र दाखवून निरीक्षण शिकवायचं आहे. मागच्या खेपेला डच चित्रकार रेम्ब्रांटचं डॉ. टुल्प यांच्या शवविच्छेदनाचं चित्र लावलं. वर्ग ढिम्म. दोघांनी फोनमध्ये बघून नाव आणि साल (१६३२) सांगितलं, विषय संपला. पुढची ४० मिनिटं मीच बोलत होते. या वेळी कोणतं घेऊ? फक्त नाव सांगा. 'कला आणि जीवन' छापाचे निबंध नकोत, हात जोडते.

तिसरा बाक
वर्ग कोणाचा? किती जण? पडद्यावर दाखवणार की छापील प्रती?

कुंचला
दाखवता कशाला, काढायला लावा! स्वतःचा डावा हात समोर धरायचा आणि कागदाकडे न बघता, पेन्सिल न उचलता काढायचा. हात जन्मभर सोबत असतो, पण नखाची कड नेमकी कुठे वळते ते कुणी पाहिलेलं नसतं. मऊ ४ बी पेन्सिल द्या, कडक एचबी नको. खोडरबर आधीच गोळा करा.

फळापुसणी
कुंचला, हा चित्रकलेचा तास नाहीये. तिसरा बाक, डॉक्टरकीचं पहिलं वर्ष. टुल्प दाखवलं म्हटल्यावर कळेल असं वाटलं. पडदा.

नाडीपरीक्षा
अमेरिकेतल्या येल विद्यापीठात त्वचारोगतज्ज्ञ अर्विन ब्रेव्हरमन आणि कलासंग्रहालयातल्या लिंडा फ्रीडलेंडर यांनी बसवलेली पद्धत बघा. २००१ साली त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकच चित्र १० मिनिटं नुसतं बघायचं, मग वर्णन करायचं. दिसतं तेवढंच. 'बाई दुःखी आहे' चालणार नाही. 'मान खाली, चेहरा हातांनी झाकलेला, खांदे पुढे आलेले' चालेल. वॉर्डात हीच बोंब असते. 'पेशंट अशक्त वाटतो' असं लिहून मोकळे होतात. म्हणजे दिसलं काय? गालफडं बसलीत? उठताना पलंगाची कड धरली? आणि चित्र फार गाजलेलं नको, म्हणजे फोन काढून उपयोग होत नाही.

तिसरा बाक
अर्थ लावू नका म्हटलं की पोरं आणखी गप्प बसतात. त्यापेक्षा चित्र बघायला शिकवण्याची पद्धत बसवणाऱ्या यनवाइन आणि हाउसन यांचे तीन प्रश्न घ्या. या चित्रात काय चाललंय? काय दिसलं म्हणून असं म्हणताय? आणखी काय सापडतंय? 'का' विचारायचं नाही, 'का' म्हटलं की माणूस स्वतःचा बचाव करायला लागतो. उत्तर आलं की आपल्या शब्दांत परत म्हणायचं, पण 'शाब्बास, बरोबर' नाही. ते सगळ्यात अवघड. मला अजून जमत नाही.

नाडीपरीक्षा
आधी मत, मग पुरावा? रोगी तपासताना हेच केलं की माणूस फसतो. पहिलं मत चिकटलं की डोळे त्याच्याच बाजूच्या साक्षी गोळा करतात.

तिसरा बाक
बंदी घातली तरी मत होतंच. तोंडातून बाहेर आलं तर निदान (कोटी नाही) खोडता तरी येतं.

उगाच
ॲम्स्टरडॅमचं राइक्सम्युझियम आणि न्यूयॉर्कचं मेट या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर जुन्या चित्रांच्या मोठ्या फायली फुकट मिळतात.

फळापुसणी
फायली आहेत हो माझ्याकडे. चित्र कोणतं?

हाडंबिडं
अवांतर: टुल्पच्या चित्रातला हात चुकलाय म्हणतात. चिमट्यात धरलेले, बोटं मिटवणारे स्नायू कोपराच्या आतल्या उंचवट्यापासून निघायला हवेत. चित्रात बाहेरच्या बाजूने आल्यासारखे दिसतात. २००६ मध्ये डच डॉक्टरांनी खऱ्या हाताचं विच्छेदन करून ताडून पाहिलं होतं, फरक निघाले.

कुंचला
चित्र आहे ते, शरीररचनेचा ॲटलास नव्हे! टुल्पचा डावा हात बघा. उजव्या हातातल्या चिमट्याने जो स्नायू उचललाय तो काय करतो, ते डाव्या हाताची बोटं वाकवून दाखवतोय. एवढं शिकवणारं चित्र, आणि तुम्ही कोपर मोजताय.

हाडंबिडं
कोपर मोजायचाच पगार मिळतो.

माजघर
ताई, मागच्या वेळी चित्र लावल्यावर तुमचं पहिलं वाक्य काय होतं?

फळापुसणी
"हे जगप्रसिद्ध चित्र आहे, यात रेम्ब्रांटने ज्ञानाची ओढ दाखवली आहे. तुम्हाला काय वाटतं?"

माजघर
मग त्यांच्यासाठी उरलं काय? त्याच चित्रात उजवीकडे खाली, प्रेताच्या पायांशी, एक जाडजूड पुस्तक उघडं ठेवलंय. बघणाऱ्यांपैकी कोण हाताकडे बघतोय, कोण भलतीकडेच, हे कुणीतरी शोधून काढलं असतं. तुम्ही थांबला असतात तर. मी मनात तीसपर्यंत आकडे मोजते. अठरा-एकोणिसाला जीभ वळवळायला लागते.

फळापुसणी
हं. लागलं. आणखी एक, दुपारी हाच तास शिक्षक होणाऱ्यांनाही आहे. ४५ जण. आणि दोन्हीकडे १० पैकी गुण द्यायचेत.

तिसरा बाक
हे आत्ता सांगताय?

नाडीपरीक्षा
गुण? संवेदनशीलतेला दहापैकी सात?

उगाच
गुणपत्रकाचा तक्ता आहे माझ्याकडे, हवा असेल तर टाकतो.

माजघर
कणवेला गुण देऊ नका, पोरं छान अभिनय करतात. सुरुवातीला लिहिलेला कागद आणि शेवटी लिहिलेला कागद, दोन्ही घ्या. दुसऱ्यात नवीन काय दिसलं त्याला गुण.

नाडीपरीक्षा
हे पटलं. आणि दोन्ही गटांना चालेल अशी जोडी सुचवतो: अमेरिकन चित्रकार थॉमस एकिन्सची 'ग्रॉस क्लिनिक' (१८७५) आणि 'ॲग्न्यू क्लिनिक' (१८८९). शेजारीशेजारी, नावं आणि सालं झाकून. पहिल्यात सर्जन काळ्या कोटात, उघड्या हाताला रक्त. दुसऱ्यात पांढरे झगे, शिवाय नर्स. इंग्रज सर्जन लिस्टरने जंतुनाशक पद्धतीवर १८६७ मध्येच लिहिलं होतं, तरी पहिल्या चित्रातला सर्जन ग्रॉस काळ्या कोटात उभा. मुलांनी फरक शोधायचा, तुम्ही शोधायचा नाही. शिक्षकांच्या गटाला तर आयताच वर्ग मिळतो: दोन्ही चित्रांत मागे बाकांवर विद्यार्थी बसलेत. कोण लिहितोय, कोण पेंगतोय, मास्तर कुणाकडे बघतोय?

सांजपोळ
दुसरं चित्र लावण्याआधी थोडी कल्पना द्या. स्तनाची शस्त्रक्रिया आहे, रुग्ण स्त्री अर्धी उघडी आणि समोर ओळीने पुरुष विद्यार्थी. तिला कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न वर्गातून आला तर दडपू नका. पहिल्या चित्रात तोंड झाकून घेणारी बाईही आहे, तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष उशिरा जातं.

हाडंबिडं
ग्रॉसची मांडीच्या हाडाची केस आहे.

फळापुसणी
जोडी घेते. पहिलं वाक्य बोलणारच नाही, सरळ १० मिनिटं. फक्त एक शंका: ४५ जणांत मागच्या रांगेला पडद्यावरची नर्स दिसेल का?

तिसरा बाक
म्हणूनच पहिल्या प्रतिसादात विचारलं होतं. पडदा की छापील प्रती?