मदत हवी आहे: हजेरीच्या ॲपमुळं बायकांचा पगार कापला जातोय

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाई खात्याची सुपरवायझर आहे मी. दोन महिन्यांपूर्वी थंब मशीन काढून मोबाईलवर चेहरा दाखवून हजेरी सुरू केली, थंबचाही त्रास होताच म्हणा, काम करून करून बोटांच्या रेषा झिजलेल्या, ठसा लागायचाच नाही. आता पत्र्याच्या शेडमध्ये जीपीएस भलतीकडं दाखवतं, 'लोकेशनच्या बाहेर' म्हणून पंच (हजेरीची नोंद) होत नाही आणि सकाळी आठला आलेल्या बाईचा हाफ डे पडतो. दुरुस्तीची रिक्वेस्ट ॲपवरच आणि इंग्रजीतच टाकायची, ती पण दोन दिवसांत. निम्म्या बायकांकडं साधा फोन आहे, त्यांची रिक्वेस्ट मीच टाकते, कधी राहून जाते आणि पगार त्यांचा जातो. ते बघवत नाही.

फोटो परत रजिस्टर केले, गेटजवळ उभं राहून पंच केलं (तिथं लागतं, पण रांग लागून उशीर होतो), एचआरला तीनदा मेल केला, उत्तर 'सिस्टिममध्ये बदल होत नाही'. वहीत सह्या घेऊन ठेवल्यात.

कुणाला नोकरी घालवायची नाही, म्हणून तक्रारीआधी विचारते: असल्या ॲपमध्ये लोकेशनची हद्द वाढवणं, गेटवर एकच सामायिक टॅब लावणं, मराठी भाषा चालू करणं हे ॲडमिनकडून होतं का, आणि एचआरकडं नेमकी कोणती सेटिंग मागायची?