गुरुवारची संध्याकाळ सुपारीला द्यायची का?

डग्गा-डावा: बारा वर्षं ऑर्केस्ट्रात तबला-ढोलकी वाजवतोय. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, लग्नसराई, जिथली सुपारी (पैसे ठरवून घेतलेला कार्यक्रम) येईल तिथे. घर त्यावरच चालतं, तक्रार नाही. गेल्या वर्षी विसर्जनानंतर घरचा तबला गवसणीतून काढला. पावसाळी हवेने पुडी (वरचं कातडं) सैल पडून सूर पार उतरलेला. गजऱ्यावर (पुडीच्या वेणीसारख्या कडेवर) हातोडी मारत काळी एकच्या सुराला आणायला वीस मिनिटं गेली. मग कायदा (रियाजाची ठरलेली बोलरचना) धरला तर दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, हात अडखळला. महिनाभर नुसता केरवा, म्हणजे गाण्यांचा सोपा ठेका, दुसरं काय होणार! तेव्हापासून गुरुवारी एका पेटीवाल्या मित्राकडे बसतो. तो नगमा (पेटीवर फिरून फिरून वाजणारी एकच धून) धरतो, मी तीनताल. ऐकायला कोणी नाही. परवा नेमकी गुरुवारचीच सुपारी आली आणि मी नाही म्हटलं. आयोजक रागावले. मला वाटतं, एक संध्याकाळ तरी विकू नये.

ढोलकी सातारा: नाही पटलं. आषाढ-श्रावणात माझे हात रिकामे असतात, पितृपक्षात तर कोणी विचारतही नाही. आलेली सुपारी सोडली की पुढच्या वेळी फोन दुसऱ्याला जातो. पोरांची फी भरायची असते तेव्हा गुरुवार आणि शुक्रवार सारखेच. आणि पैशाने कला मरते, हे कोणी सांगितलं? तबल्याचे उस्ताद थिरकवाँ खाँसाहेब बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत पगारावरच होते ना? त्यांचा हात बिघडला का?

पेटीवाली: मी बँकेत नोकरी करते, संध्याकाळी पेटी. वसंतराव देशपांड्यांनीही बरीच वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. पोट दुसरीकडे भरलं की गाण्यावर ओझं येत नाही. धागाकर्त्याचं बरोबर आहे.

ढोलकी सातारा: ताई, राग मानू नका, पण नोकरीवाले हौसेने फुकट वाजवतात आणि मंडळवाले आम्हाला तेच ऐकवतात. "अमके तर नारळावर येतात." आमची बिदागी तिथेच पडते.

पेटीवाली: हे मान्य. मीही पूर्वी जायची तशी. आता देवळातल्या भजनाचं काही घेत नाही, पण मंडप आणि स्पीकर असला की पाकीट घेते, तेही बाकीच्या वादकांइतकंच.

डग्गा-डावा: सातारकर, फोन दुसऱ्याला जाईल हे खरं आहे, आणि त्याची भीती मलाही आहे. पण खाँसाहेबांचं उदाहरण इथे लागू नाही. त्यांच्यासमोर बालगंधर्व गात होते. तान कुठे वळेल, समेवर कसे येतील, ते ऐकत ऐकत साथ करायची. आमच्याकडे निम्मी गाणी लॅपटॉपवरच्या ट्रॅकवर होतात. कानात लयीची टिकटिक, गायक चुकला तरी ट्रॅक थांबत नाही, मी त्याच्यासाठी एक मात्रासुद्धा थांबू शकत नाही. गुरुवारी मित्र नगम्याची लय हळूच चढवतो आणि मला मान वर करून त्याच्याकडे बघावं लागतं. बारा वर्षांच्या सुपाऱ्यांत ही सवयच गेली होती माझी.

ढोलकी सातारा: ट्रॅकचं पटलं. लावणीत अजून नाचणारीच्या पायाकडे बघूनच तोडा उचलावा लागतो, म्हणून मला ते जाणवलं नसेल. सुपारी मात्र मी सोडणार नाही.