गाड्या काढायचा मेसेज कुणी वाचलाच नाही

बी-३०२ : सेक्रेटरी काका, रात्रीचा तुमचा मेसेज आत्ता पूर्ण वाचला. आधी "सर्व सन्माननीय सभासद बंधू-भगिनींना", मग मीटिंगचा ठराव, मग वॉचमनचा पगार आणि बेसमेंटमधल्या गाड्या काढायचं पार खाली, रीड मोअर दाबल्यावर. कृष्णेच्या पुराची आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका, हे सांगलीत पोरांना पण पाठ आहे, मग तेच वर का नाही?

सेक्रेटरी : वहिनी, रात्री ११ ला बसून टाईप केलाय. आता नमस्कार पण लिहायचा नाही का

ए-१०१ आप्पा : नमस्कार पाहिजेच.

बी-३०२ : शेवटी लिहा की आप्पा, कोण नको म्हणतंय. पहिल्या ओळीत काय करायचं आणि किती वाजेपर्यंत, एवढंच.

सी-२०४ : वहिनी बरोबर आहेत. नोटिफिकेशनला वरच्या एक-दोन ओळीच दिसतात, आई तेवढं वाचून म्हणाली मीटिंग आहे. एसएमएस १६० अक्षरांचा, मराठीत तर ७० च, तेव्हा आपण बरोबर मोजकं लिहायचो.

ए-४०३ : मोजकंच लिहायचं तर मेंटेनन्सचा हिशोब टाका. मार्चपासून मागतोय.

सेक्रेटरी : तो विषय मीटिंगमध्ये.

सी-१०३ : 🌹🌹 शुभ सकाळ 🌹🌹

बी-३०२ : ताई प्लीज, आज फुलं नको, कामाचा मेसेज वर जातोय. काका तो पिन करा.

सी-२०४ : आणि "आज", "उद्या" च्या जोडीला वार तारीख टाकाच. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं तेव्हा "कोयनेतून आत्ता पाणी सोडलं" दोन दोन दिवस फिरत होतं, आत्ता म्हणजे कधी ते कुणालाच कळेना, माणसं उगाच घाबरली आणि खरा मेसेज आला तेव्हा कुणी हललं नाही.

ए-४०३ : मार्चपासून.

सेक्रेटरी : घ्या.
*आज मंगळवार, संध्याकाळी ६ च्या आत बेसमेंटमधल्या गाड्या काढून विश्रामबागच्या बाजूला न्या.* आयर्विन ३८ फूट, पाणी वाढतंय. गाडी ढकलायला माणूस लागला तर वॉचमनला सांगा. नमस्कार.

बी-३०२ : आता कसं! पिन करा काका 🙏

ए-१०१ आप्पा : स्कूटर पण का?

सी-२०४ : काका, "दुचाकी सुद्धा" घाला त्यात. आप्पा थांबा, मी येतो खाली, तुमची मी काढतो.