विकीर्ण आकृतीत ठिपके उतरते, पण सहसंबंध गुणांक जवळपास शून्य. असं का?

जुळे_सोलापूर
बी.कॉम.ला सांख्यिकी आहे. सरावासाठी सहा दिवसांची कांद्याची आवक आणि दर दिलेत.
आवक (शंभर गाड्यांत): १, २, ३, ४, ५, ६
दर (क्विंटलला रुपये): २२००, २०००, १५००, १३००, १०००, २८००
आलेखावर (विकीर्ण आकृतीत, म्हणजे प्रत्येक जोडीचा एक ठिपका) ठिपके उजवीकडे उतरत जातात, म्हणजे ऋण सहसंबंध: एक वाढलं की दुसरं घटतं. पण कार्ल पिअर्सनच्या सूत्राने सहसंबंध गुणांक (−१ ते +१ मधला आकडा, शून्याजवळ म्हणजे सरळ रेषेतला संबंध जवळपास नाही) −०.०२ येतो. आकडेमोड तपासून झाली. नक्की काय धरायचं?

आकडेमोड
तुमचं उत्तर बरोबर आहे. आकृती मात्र पुरती वाचली नाहीत. पाच ठिपके उतरतात, सहावा थेट वर उजव्या कोपऱ्यात जाऊन बसलाय. आवकेची सरासरी ३.५, दराची १८००. दोन्ही विचलनांचे (सरासरीपासूनच्या फरकांचे) गुणाकार मांडा: −१०००, −३००, +१५०, −२५०, −१२००, +२५००. पहिल्या पाचांची बेरीज −२६०० आणि एकट्या सहाव्याचे +२५००. उरले −१००! भागाकार करायचा तो दोन्हीकडच्या विचलनवर्गांच्या बेरजांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ६१७७ ने, म्हणून −०.०२. सहावा दिवस झाकून फक्त पाच दिवसांचा गुणांक काढा, −०.९९ येईल.

सरासरीपासून लांब असलेल्या ठिपक्याचं वजन या सूत्रात फार पडतं, आणि जोड्या सहाच असल्या की तर विचारूच नका. म्हणून आधी आकृती, मग सूत्र. उलट क्रमाने गेलात की "संबंध नाही" असं लिहून मोकळे व्हाल.

माळढोक
वरच्यांशी सहमत, पण सहावा ठिपका लगेच खोडू नका. गुणांक बिघडवतो हे काही वगळण्याचं कारण नव्हे. आधी नोंद तपासा. बाजार समितीच्या दरपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. प्रकल्पासाठी आकडे उतरवताना पाच दिवस सर्वसाधारण आणि एक दिवस कमाल दर घेतला, तर नेमकं असंच चित्र दिसतं. इथे ८०० च्या जागी २८०० पडलं असेल तर दुरुस्तीनंतर गुणांक पुन्हा −०.९९ होतो. नोंद खरीच निघाली तर दोन्ही गुणांक द्या आणि त्या दिवशी काय वेगळं होतं ते लिहा.

स्पिअरमनच्या क्रमांक पद्धतीने (आकड्यांऐवजी त्यांचे लहान-मोठे क्रम घेऊन) सुटेल असंही समजू नका. इथे तिचं उत्तर −०.१४ येतं, कारण सहामधला एक क्रमांक पार उलटा आहे.

विजापूर_वेस
परीक्षेपुरतं: आवक आडव्या अक्षावर, दर उभ्या. एकक आणि प्रमाण लिहा. दराचा अक्ष ० पासून सुरू नसेल तर खाली नागमोडी खूण करा. ठिपके रेषेने जोडू नका, जोडले की ती विकीर्ण आकृती राहत नाही. क्विंटलऐवजी किलोचा दर घेतला तरी गुणांक तोच राहतो, बदलतो तो उतार. तीव्र उतार म्हणजे घट्ट संबंध नव्हे. ठिपके रेषेला किती चिकटून आहेत ते बघायचं.

आणि −०.९९ आला तरी "आवक वाढल्यामुळेच दर पडला" असं लिहू नका. ओला माल जास्त आला, बाहेरच्या व्यापाऱ्यांची मागणी घटली, तरीही दर उतरतो. गुणांकाला त्यातलं काही दिसत नाही.