घरचा ग्रुप: चिऊची पाठपिशवी

ताई (मिनेसोटा): आत्या, ऑगस्टात चिऊला घेऊन बाउंडरी वॉटर्सला चाललोय, इथलं तळ्यांनी भरलेलं रान. चार दिवस कनू (वल्ह्याची लहान होडी) आणि तंबू. तिच्या पाठीला नीट बसेल अशी पिशवी मिळाली नाही. तू शिवशील? दादा येतोय, त्याच्याबरोबर पाठव.

आत्या (फोंडा): शिवीन की! पण होडीत बसल्यावर ती पाठीलाच असणार काय गो?

ताई: नाही, होडीत अंगावर फक्त लाइफ जॅकेट. पिशवी तळाला ठेवायची. पाठीला लावायची ती पोर्टेजला. एक तळं संपलं की होडी खांद्यावर घेऊन रानातून पुढच्या तळ्यापर्यंत चालायचं. ते अंतर रॉडमध्ये मोजतात. १ रॉड साडेसोळा फूट, साधारण एका होडीएवढा. आमची सगळ्यात लांब वाट ८० रॉडची, म्हणजे पाव मैल. चिऊने हट्ट धरलाय, माझं सामान मीच नेणार.

आबा (डिचोली): वाढत्या अंगाची शीव. एवढा खटाटोप करणार, तर चार वर्षं तरी वापरात राहू दे.

आत्या: आबा, युनिफॉर्मला दुमड ठेवतो तसं इथे चालत नाही. फ्रॉक ढगळ झाला तर फक्त दिसायला वाईट. पिशवी मोठी झाली की कमरेखाली लोंबते, पोर मागे ओढली जाते आणि तोल सांभाळायला पुढे वाकून चालते. त्यात रिकामी जागा दिसली की आई तिथे काहीतरी कोंबणारच. चिऊ २२ किलोची. दोन-सव्वादोन किलोच्या वर तिच्या पाठीला नको. जाकीट, एक जोड कपडे, टॉर्च, बाटली आणि तिचा ससा, बस्स. झोपायची पिशवी तुमच्या पॅकमध्ये घ्या. वाढ द्यायची ती पट्ट्यांना. खांद्याच्या पट्ट्या वीतभर जास्त ठेवते.

काकी (म्हापसा): शुक्रवारी बाजारात जातेय. खाकी कॅनव्हास आणू?

आत्या: नको वहिनी. सुती कॅनव्हास भिजला की जड होतो आणि आपल्या पावसात बुरशी धरतो. एका बाजूने कोटिंग असलेलं जाड नायलॉन बघा. नवारपट्टी, प्लास्टिकची बकलं, पॉलिएस्टरचा जाड दोरा आणि १८ नंबरची सुई.

ताई: इथले जुने पॅक कॅनव्हासचेच गो. दुलुथ गावात कमील प्वारिए यांनी १८८२ साली पेटंट घेतलं होतं. पाकिटासारखी सपाट पिशवी, कपाळाला लावायचा पट्टा, आणि छत्री अडकवायची सोयसुद्धा!

आबा: छत्रीची सोय आपल्याला हवी.

आत्या: पाकिटाचा आकार घेते, होडीत आडवी नीट बसेल. कपाळपट्टा मात्र नाही. सात वर्षांच्या मानेवर ओझं मी देणार नाही.

आत्या: वहिनी, कापड छान मिळालं. काल एका तुकड्यावर डबल टीप घालून त्याचा खोलगा केला आणि पागोळीखाली धरला. कापडातून थेंब आला नाही, पण सुईच्या भोकांतून पाणी झिरपलं. म्हणून टाचण्या अजिबात टोचणार नाही, वाळत घालायचे चिमटे लावते. कोटिंगची बाजू आत. आणि बाय, कितीही घट्ट शिवली तरी आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून तोंडाला पीळ देऊन बांध. कपडे कोरडे राहतील ते तिच्यामुळे.

काकी: पट्टा उसवला तर रानात काय करणार?

आत्या: पट्टा जिथे जोडला जातो तिथे आतून कापडाचा दुहेरी तुकडा, वर टीपेचा चौकोन आणि चौकोनात फुली. आधी माझ्या घरी तांदूळ भरून दोन दिवस खुंटीला टांगणार, दुप्पट वजनाने. बाय, आता माप दे. मान खाली घातल्यावर मागे जे हाड वर येतं, तिथपासून कमरेच्या हाडापर्यंत.

ताई: ३२ सेंटिमीटर. हलत होती, दोनदा मोजलं.

आत्या: मग पिशवी ३६ उंच, २६ रुंद, १२ खोल. उद्या सकाळी उजेड चांगला असला की बेतते. चिऊला विचार, झाकणाला आतून कुठला रंग लावू?

ताई: पिवळा म्हणते. सशाला आवडतो म्हणे.