टाइमशेअरचा आठवडा दलालाशिवाय विकताना कागद आधी की पैसे आधी?

पारिजात_७

टाइमशेअर (रिसॉर्टमध्ये ठरावीक आठवडा राहण्याचा विकत घेतलेला हक्क) थेट ग्राहकाला विकायचा आहे, मध्ये दलाल नको आहे. दोन बेडरूमचा, दरवर्षीचा, फ्लोटिंग आठवडा आहे, म्हणजे तारखा ठरलेल्या नाहीत, त्या आरक्षण करून घ्यायच्या. नोंदणी झालेलं खरेदीखत आहे, त्यावर दोघांची नावं आहेत. कर्ज फिटलंय. पुढच्या वर्षाचा आठवडा आमच्या नावाने आरक्षित झालेला आहे. घेणारा मिळालाय आणि किंमतही साधारण ठरलीय.

कराराच्या कागदात काय काय हवं? पैसे नेमके कधी हातात घ्यायचे? आणि आरक्षित आठवड्याचं काय करायचं? शिवाय ‘ग्राहक तयार आहे, फक्त प्रक्रिया शुल्क भरा’ असे फोन सतत येतात. त्यात काही तथ्य असतं का?

कागदोपत्री

करार लिहायच्या आधी रिसॉर्टला, किंवा मालकांची संघटना असेल तर तिला, लेखी पत्र मागा. अमेरिकेत याला एस्टॉपेल लेटर म्हणतात. नाव काहीही असो, त्यात या गोष्टी हव्यात: दप्तरी मालकांची नावं जशी आहेत तशी, करार क्रमांक, युनिट, हंगाम, आठवडा दरवर्षीचा की एकाआड एक वर्षाचा (तसा असेल तर सम की विषम), मेंटेनन्सची थकबाकी, कर्जाचा बोजा, मंजूर झालेली पण अजून बिलात न आलेली जादा आकारणी, चालू आणि पुढच्या वर्षाचा आठवडा शिल्लक आहे का, हस्तांतरण शुल्क किती आणि ते कोणते फॉर्म मागतात. हे पत्र मालकाच्या सहीच्या अर्जाशिवाय मिळत नाही, म्हणून ते तुम्हीच मागवायचं. त्याची मुदतही मर्यादित असते. फार आधी काढून ठेवलं तर व्यवहार होईपर्यंत शिळं होतं.

याच पत्रात एक प्रश्न नक्की विचारा: पहिला खरेदी हक्क रिसॉर्टकडे आहे का? असेल तर सही झालेला करार त्यांना पाठवावा लागतो आणि ठरलेल्या मुदतीत त्याच किमतीला स्वतः घ्यायचं की सोडायचं हे ते कळवतात. त्यांनी घेतलं तर तुमचं नुकसान नाही, पैसे त्यांच्याकडून मिळतात. हिरमोड ग्राहकाचा होतो. त्यामुळे ‘रिसॉर्टने हक्क वापरल्यास हा करार रद्द आणि ग्राहकाने ठेवलेली सर्व रक्कम परत’ हे वाक्य करारात हवंच. किंमत फारच कमी लावली की हा हक्क वापरला जाण्याची शक्यता वाढते.

खतावर दोन नावं म्हणजे सह्याही दोन. एक मालक हयात नसेल तर आधी मृत्यूचा दाखला आणि वारसाहक्काचे कागद देऊन नोंद दुरुस्त करून घ्यायची, मगच विक्री. घटस्फोट झाला असेल तर हिस्सा कोणाकडे गेला त्याचा आदेश जोडावा लागतो. नावाच्या स्पेलिंगमधला फरकसुद्धा नोंदणीत अडतो, तेव्हा ओळखपत्र आणि खत शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर तपासा.

हिशोबनीस

घेणाऱ्याच्या बाजूनेही लिहायला हवं, कारण शहाणा ग्राहक हेच विचारणार आणि तुमच्याकडे उत्तरं तयार असली तर व्यवहार रेंगाळत नाही.

टाइमशेअरमध्ये ग्राहक खरं तर दरवर्षीचं बिल विकत घेत असतो. खरेदीची रक्कम एकदाच जाते, मेंटेनन्स मात्र आठवडा वापरला किंवा नाही वापरला तरी द्यावाच लागतो आणि सहसा वाढतच जातो. म्हणून निदान मागच्या पाच वर्षांची बिलं, चालू अंदाजपत्रक आणि राखीव निधीचा आकडा दाखवा. छप्पर, लिफ्ट, पाइपलाइन अशी मोठी कामं तोंडावर असून राखीव निधी रिकामा असेल तर जादा आकारणी येणार, हे अनुभवी ग्राहकाला लगेच कळतं.

किंमत ठरवताना जाहिरातींतले आकडे बघू नका, ते नुसत्या अपेक्षा असतात. त्याच रिसॉर्टचे, त्याच हंगामाचे, प्रत्यक्ष पूर्ण झालेले सौदे शोधा. विकासकाने पहिल्यांदा घेतलेल्या किमतीत विक्रीचा आणि जाहिरातीचा मोठा खर्च मिसळलेला असतो. फेरविक्रीत तो कोणी देत नाही. बिल मोठं आणि हंगाम मंदीचा असेल तर आठवडा फुकट द्यायची तयारी ठेवावी लागते, कधी हस्तांतरणाचा खर्चही आपणच उचलावा लागतो. म्हणून जाहिरात देण्याआधी रिसॉर्ट आठवडा परत घेतं का, हे विचारून घ्या. काही ठिकाणी कर्ज आणि थकबाकी नसल्यास तशी सोय असते.

खत नसून फक्त वापराचा हक्क असेल तर किती वर्षं उरलीत ते सांगा. मुदत संपली की हक्कही संपतो. पॉइंट्सचं, म्हणजे आठवड्याऐवजी राहण्यासाठी वापरायचे गुण विकत घेतलेले असतात त्याचं, प्रकरण आणखी नाजूक आहे: बऱ्याच क्लबांमध्ये मूळ ग्राहकाला मिळणाऱ्या सवलती आणि वरच्या दर्जाचे फायदे फेरविक्रीत हस्तांतरित होत नाहीत. काय जातं आणि काय जात नाही, हे क्लबकडून लेखी आणा. आरसीआय किंवा इंटरव्हल इंटरनॅशनल या आठवड्यांची अदलाबदल करून देणाऱ्या कंपन्यांचं सदस्यत्वही आठवड्यासोबत आपोआप जातं असं धरून बोलू नका. तिथे एखादा आठवडा जमा केलेला असेल तर तो कोणाचा, हे करारात स्वतंत्र लिहा.

तिसरा_हात

पैशांचा क्रम असा: रक्कम आधी तटस्थ खात्यात, म्हणजे एस्क्रोत किंवा वकिलाच्या अनामत खात्यात. मग दोन्ही मालकांच्या साक्षांकित सह्यांचं खत, त्याची नोंदणी, आणि नोंदलेल्या खताची प्रत हस्तांतरण शुल्कासह रिसॉर्टकडे. रिसॉर्टने ‘आता मालक अमुक’ असं लेखी कळवलं की मगच रक्कम तुमच्याकडे. नोंदणी झाली म्हणजे काम संपलं असं समजून लोक इथेच थांबतात. रिसॉर्टच्या दप्तरात नाव बदललं नाही तर पुढचं बिल जुन्याच मालकाला येतं आणि थकलं की वसुलीही त्याच्याच मागे लागते. म्हणून हे पत्र ग्राहकाइतकंच विकणाऱ्यालाही हवं.

नवीन खतात मिळकतीचं वर्णन जुन्या नोंदलेल्या खतातून जसंच्या तसं उतरवा. युनिट क्रमांक किंवा आठवड्याचा क्रमांक चुकला तर खत परत येतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचंच नोंदलं जातं. अमेरिकेत क्विटक्लेम डीड स्वस्त पडतं, पण त्यात विकणारा फक्त ‘माझा जो काही हक्क असेल तो’ देतो, हक्क निर्वेध असल्याची हमी देत नाही. ते वापरायचं असेल तर ग्राहकाने बोजाची तपासणी आधी केलेली असावी.

त्या फोनबद्दल: शुल्क आधी मागितलं की बोलणं तिथेच थांबवा. खरा ग्राहक विकणाऱ्याकडून कर, विमा किंवा बँकेचं शुल्क आगाऊ मागत नाही. युरोपियन संघाच्या २००८ च्या टाइमशेअर निर्देशानुसार विक्री प्रत्यक्ष होण्याआधी फेरविक्री व्यावसायिकाला आगाऊ रक्कम घेता येत नाही. मेक्सिकोतल्या पोर्तो वायार्ता भागात टाइमशेअर मालकांना असे फोन करून लुबाडणाऱ्या, हालिस्को या अमली पदार्थांच्या टोळीशी जोडलेल्या कंपन्यांवर अमेरिकेच्या अर्थखात्याने २०२३ मध्ये निर्बंध घातले. तेव्हा हे चिल्लर भुरट्यांचं काम नाही. एस्क्रो कंपनीही बनावट असू शकते: समोरच्याने सुचवलेली असेल तर ईमेलमधला नंबर लावू नका, परवाना देणाऱ्या खात्याच्या यादीतून नंबर काढून फोन करा. ‘पैसे द्या, आम्ही आठवडा आमच्या नावावर करून घेतो’ म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा. नाव कागदी कंपनीवर चढवतात, ती बिलं भरत नाही, आणि रिसॉर्ट ते हस्तांतरण नाकारू शकतं.

पारिजात_७

सगळ्यांचे आभार. एस्टॉपेलचा अर्ज आजच पाठवते. दोन गोष्टी उरल्या. ग्राहक म्हणतोय की विसार म्हणून थोडी रक्कम थेट खात्यात देतो. आणि आरक्षित आठवड्याचं काय?

कागदोपत्री

विसारही एस्क्रोतच जाऊ दे. थेट घेतला आणि रिसॉर्टने हक्क वापरला किंवा पत्रात थकबाकी निघाली, तर परतफेडीवरून भांडण होतं. करारात विसाराची रक्कम, तो कधी परत होतो आणि कधी जप्त, शिवाय व्यवहार पूर्ण करायची अंतिम तारीख लिहा. तारखेत रिसॉर्टची उत्तराची मुदत आणि नोंदणीचा वेळ दोन्ही धरा.

आरक्षित आठवड्यासाठी सोपी वाट म्हणजे ज्या वर्षाचा आठवडा जो वापरेल, त्या वर्षाचा मेंटेनन्स त्याचा. तुम्ही भरला असेल आणि राहणार ग्राहक, तर ती रक्कम किमतीपेक्षा वेगळी लिहून वळती करून घ्या. मालक बदलला की जुन्या नावाची आरक्षणं काही रिसॉर्ट रद्द करतात, हे त्या पत्रातच विचारा. रद्द होणार असेल तर पर्याय दोनच: आठवडा वापरून झाल्यावर नाव बदलायचं, किंवा ग्राहकाच्या नावाने पाहुण्याचं प्रमाणपत्र (मालकाऐवजी दुसऱ्याला राहू देणारा रिसॉर्टचा कागद) आधी काढून ते टिकेल असं लेखी घ्यायचं. फोनवरच्या ‘हो, चालेल’वर करार उभा करू नका.