मदत हवी आहे: मोठा पूर्णांक लिहिला की कंपायलर भलताच आकडा देतो

बिटपाखरू: प्रोजेक्टसाठी फ्लेक्स-बायसन (लेक्सर आणि पार्सर तयार करून देणारी साधनं) वापरून सीमध्ये एका छोट्या भाषेचा कंपायलर लिहितोय. लहान आकडे बरोबर येतात, ३०००००००००  लिहिलं की चुकीचं छापतो. मित्राच्या मशीनवर तोच कोड नीट चालतो! परवा सबमिशन आहे, प्लीज लवकर सांगा.

जुना_सी: चुकीचं म्हणजे नेमकं काय छापतो? त्या आकड्यावरूनच कळेल. आणि मशीन कोणतं?

घाटावरचा: जीएमपी लायब्ररी लावा. कितीही मोठा आकडा मावतो.

बिटपाखरू: जीएमपी नको, भाषेत पूर्णांक ६४ बिटांचेच आहेत. २१४७४८३६४७ येतंय. माझं विंडोज, त्याचं उबुंटू लिनक्स. पण त्याचा काय संबंध?

जुना_सी: सगळा संबंध तिथेच आहे. लेक्सरमध्ये (मजकुराचे तुकडे, म्हणजे टोकन, पाडणारा भाग) स्ट्रटोल असणार, म्हणजे मजकुरातला आकडा 'लाँग' प्रकारच्या पूर्णांकात बदलणारं सीचं फंक्शन. विंडोजवर लाँग ३२ बिटांचा, ६४ बिटी लिनक्सवर ६४चा. आकडा मावला नाही की स्ट्रटोल लाँगची कमाल किंमत परत देतं आणि एररनोमध्ये (एररचा कोड ठेवणारं व्हेरिएबल) ईरेंज, म्हणजे 'मर्यादेबाहेर', ठेवतं. त्याऐवजी ६४ बिटी आकडा देणारं स्ट्रटोयूएलएल घ्या, आधी एररनो शून्य करा, नंतर तपासा.

रिकामा_पॉइंटर: एवढा त्रास कशाला, पायथनमध्ये लिहा ना.

बिटपाखरू: सी सक्तीचं आहे. बदल केला, आता -१२९४९६७२९६ येतंय. आणखी बिघडलं!

मुळाकाठचा: बिघडलं नाही, एक पायरी पुढे आलात. ३०००००००००मधून ४२९४९६७२९६ (२चा ३२वा घात) वजा करून बघा. आकडा कुठेतरी ३२ बिटी इंटमध्ये कोंबला जातोय. बायसनचं युनियन (टोकनची किंमत ठेवायची जागा) आणि प्रोग्रामची रचना ठेवणाऱ्या ट्रीचा नोड, दोन्ही बघा.

बिटपाखरू: युनियनमध्ये इंट होता! आता चाललं, धन्यवाद. पण -९२२३३७२०३६८५४७७५८०८ला माझीच 'आकडा फार मोठा' एरर येते. तो तर मावतो.

जुना_सी: लेक्सरला वजा दिसतच नाही. त्याच्यासमोर ९२२३३७२०३६८५४७७५८०८ येतो, कमाल किमतीपेक्षा एकाने जास्त. सीच्या हेडरमध्येसुद्धा इंटची किमान किंमत (-२१४७४८३६४७ - १) अशी लिहितात ती याचमुळे. लेक्सरमध्ये अनसाइन्ड (वजा चिन्ह नसलेला प्रकार) ठेवा. मर्यादा पार्सरमध्ये (टोकन व्याकरणानुसार जोडणारा भाग) तपासा, आकड्याच्या आधी वजा आहे की नाही ते बघून.

घाटावरचा: त्यापेक्षा लेक्सरच्या नियमातच वजा घ्या, एका ओळीत काम होईल.

जुना_सी: अहो, मग 'क-१' लिहिल्यावर 'क' आणि '-१' अशी दोन टोकन मिळतील. वजाबाकीच मोडेल.

घाटावरचा: आमच्याकडे स्पेस देऊनच लिहायचा नियम होता, कधी अडलं नाही.

मुळाकाठचा: परीक्षक स्पेस देतीलच असं नाही.

रिकामा_पॉइंटर: जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९३ लिहिलं की शेवटी ९९२ येतं. तेही हेच का?

जुना_सी: नाही, तिथे आकडा डबलमध्ये (दशांश आकड्यांचा प्रकार) जातो, त्यात एवढा मोठा आकडा नेमका मावत नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा. बिटपाखरू, पार्सरमधला वजाचा नियम इथे टाका, बघून सांगतो.